एकाचे दोन होताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किंचित संपादित)



  फलकावर आजचा विषय वाचून काही मंडळींनी मला विचारले, ‘हे आर्किया म्हणजे नक्की काय? खायचे की प्यायचे?’ गमतीचा भाग सोडा, पण प्रश्न अगदी रास्त आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे मूळ गाव विदर्भात आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर कित्येकांनी पाहिले असेल. आकाशातून आलेला अशनी काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले. अलीकडच्या मोजणीनुसार ही घटना सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची आहे. विवराच्या तळाशी जे पाणी साचले ते खारट आणि चांगलेच क्षारयुक्त आहे. विष्णूने लवणासुराचा वध तिथेच केला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नावातच लवण आहे, म्हणजे पाण्याची चव आपल्या पूर्वजांना ठाऊक होती!

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. वर्तमानपत्रांत फोटो आले, तर्क-कुतर्क सुरू झाले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकर संस्थेत असे दिसले की गुलाबी पाणी भांड्यात स्थिर ठेवले तर रंग हळूहळू तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात राहणाऱ्या जीवांचा होता. हे जीव म्हणजे हॅलोआर्किया, अर्थात मीठ-प्रिय आर्किया. उन्हाळ्यात पाणी आटले, खारेपणा वाढला, आणि एरवी थोड्या संख्येने असलेले हे जीव भराभर वाढले. कडक उन्हापासून बचावासाठी त्यांच्या अंगात तांबूस रंगद्रव्य असते. पाऊस पडून पाणी वाढले तसा तो रंग ओसरला.

आता ‘भराभर वाढले’ हे शब्द मी सहज उच्चारले. पण वाढले म्हणजे काय झाले? एकाचे दोन झाले, दोनाचे चार, चाराचे आठ. अशी वीस वेळा दुप्पट झाली की एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. अख्खे सरोवर रंगवणारी ही किमया एका छोट्या क्रियेवर उभी आहे : एका पेशीने मधोमध आवळले जाऊन दोन होणे. आजचे व्याख्यान एवढ्या एका क्रियेबद्दल आहे.

पण आधी या जीवांची ओळख. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आर्किया आणि जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, एकसारखेच दिसतात. तेवढाच आकार, कुणी काडीसारखा, कुणी गोल. पेशीत केंद्रक नाही. त्यामुळे कित्येक दशके शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच पंक्तीला बसवले होते. आपण सराफ्यात बसलो आहोत, तेव्हा तुम्हाला हे वेगळे सांगायला नको की पिवळे दिसते ते सगळे सोने नसते. डोळा फसतो, म्हणून कसोटीचा दगड लागतो. जीवशास्त्रातला असा कसोटीचा दगड अमेरिकेतील कार्ल वूज यांना सापडला. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिने बनवणारा रायबोसोम नावाचा कारखाना असतो. त्यातल्या आर.एन.ए.ची अक्षरे वाचून त्यांनी एकेका जीवाची रेघ त्या दगडावर ओढून पाहिली. १९७७ साली त्यांनी आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की काही ‘जिवाणू’ मुळी जिवाणू नाहीतच. त्यांचे घराणेच निराळे आहे. पुढे या घराण्याला आर्किया हे नाव पडले.

या घराण्याचे वय किती? आपल्या बडा शिमला टेकडीवर कॅप्टन स्लीमन यांना १८२८ साली डायनासोरची हाडे सापडली, हे जबलपूरकरांना अभिमानाने माहीत असते. ती हाडे सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीची. आर्कियांचे घराणे त्याहून कितीतरी जुने, शेकडो कोटी वर्षांचे आहे.

आणि ते कुठे दूर राहतात असेही नाही. गावाकडे गोबर गॅसच्या टाकीत जो गॅस तयार होतो, तो मिथेन बनवणारे जीव आर्कियाच आहेत. गाई-म्हशींच्या पोटात ते असतात, माणसाच्या आतड्यातही असतात. मिठागरातले पाणी कडक उन्हात तांबूस होते, त्यामागे बहुधा हीच मंडळी असतात. गोवा विद्यापीठातील संशोधकांनी तिथल्या मिठागरांतून असे मीठ-प्रिय आर्किया वेगळे केले आहेत. म्हणजे पाहुणे परके नाहीत, घरचेच आहेत. फक्त ओळख उशिरा झाली.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पेशीचे विभाजन म्हणजे घरातली वाटणी समजा. आधी घराण्याची पोथी, म्हणजे डी.एन.ए., तिची दुसरी प्रत तयार करावी लागते. मग दोन्ही प्रती दोन बाजूंना न्याव्या लागतात. मग नेमका मध्य शोधून तिथे भिंत घालावी लागते. भिंत चुकीच्या जागी पडली तर एका वाटेकऱ्याला पोथीच मिळत नाही आणि तो मरतो. बहुतेक जिवाणूंमध्ये हे काम एफ.टी.एस.झेड. नावाचे प्रथिन करते. ते पेशीच्या मधोमध कड्यासारखे गोळा होते आणि तिथे पेशी आवळत जाते. माणसाच्या पेशीत पद्धत वेगळी आहे. मध्यभागी तंतूंचा कमरपट्टा आवळला जातो आणि शेवटी दोन पेशींमध्ये जी बारीकशी नळी उरते ती ‘एस्कॉर्ट’ नावाची प्रथिने कापतात. शेवटचा काप त्यांचा, हे २००७ साली स्पष्ट झाले.

मग आर्किया कोणासारखे विभागतात? जिवाणूंसारखे की आपल्यासारखे? हा प्रश्न विचारायला सोपा, पण उत्तर पाहायला फार अवघड होता. कारण पाहायचे कसे?

सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासात एक व्यापारी आहे, हे ऐकून सराफ्यातल्या मंडळींना आनंद वाटेल. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. कापडाचा पोत तपासायला त्या धंद्यात भिंग वापरत, जसे तुम्ही खडा तपासायला डोळ्याला भिंग लावता. त्याने स्वतः इतकी उत्तम भिंगे घासली की १६७० च्या दशकात पाण्याच्या थेंबातले हलते-फिरते जीव त्याला दिसले. कोणत्याही विद्यापीठात तो शिकला नव्हता. हातात कसब होते आणि डोळ्यात जिज्ञासा होती.

पण भिंगालाही मर्यादा असते. जर्मनीच्या अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की प्रकाशाने पाहायचे तर साधारण एका मिलिमीटरच्या पाचहजाराव्या भागाहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसणार नाहीत. आर्कियाची पेशी असते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. म्हणजे तिच्या आतले कडे पाहणे मर्यादेच्या अगदी काठावरचे काम. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याहून बारीक दिसते, पण तिथे जिवंत पेशी ठेवता येत नाही. गोठवलेली किंवा वाळवलेली पेशी पाहायची म्हणजे लग्नाचा अल्बम पाहण्यासारखे. वरमाला दिसते, सप्तपदी दिसते, पण कोण आधी उठले, कोणाचा हात कोणी सोडला, ते कळत नाही. विभाजन ही घडणारी गोष्ट आहे. ती जिवंतपणीच पाहायला हवी.

या कामात मोठी मदत झाली ती चमकणाऱ्या प्रथिनांची. एका समुद्री जेलीफिशमधून मिळालेले हिरवे चमकणारे प्रथिन हव्या त्या प्रथिनाला शेपटीसारखे जोडता येते. मग अंधारात काजवा दिसावा तसे ते प्रथिन पेशीत कुठे आहे ते दिसते. या शोधाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गोबर गॅसवाल्या आर्कियांना तर कंदिलाचीही गरज नाही. त्यांच्या अंगातले एक रसायन जांभळा प्रकाश पडताच स्वतःच निळसर-हिरवे चमकते.

मग अडचण काय होती? अडचण होती पाहुण्याच्या पथ्याची. मीठ-प्रिय आर्किया साध्या पाण्याच्या थेंबात ठेवला की फुगून फुटतो. त्यामुळे ज्या मऊ, जेलीसारख्या गादीवर त्याला सूक्ष्मदर्शकाखाली निजवायचे, ती गादीदेखील समुद्राच्या कितीतरी पट खारट करावी लागते. तापमान सुमारे ४५ अंश ठेवावे लागते. गादी सुकली की मिठाचे खडे पडून चित्र बिघडते. हे सारे सांभाळत तासन्‌तास, दर काही मिनिटांनी फोटो घ्यायचा.

अशा कष्टांतून मृत समुद्रात मूळ सापडलेल्या हॅलोफेरॅक्स नावाच्या आर्कियाचे चित्र पुढे आले. लोणारच्या हॅलोआर्कियांच्याच मोठ्या घराण्यातला हा एक. ऑस्ट्रेलियातील इयन डगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की याच्याकडे एफ.टी.एस.झेड. एक नाही, दोन आहेत. दोन्ही मधोमध कडे करतात, पण कामाची वाटणी आहे. पहिले बाकी सामग्री गोळा करते, दुसरे प्रत्यक्ष आवळण्याच्या कामी येते. एखाद्या कार्यात एक भाऊ मंडप-मांडवाचे बघतो आणि दुसरा पंगतीचे, तसे. दोन्ही काढून टाकली तर पेशी विभागत नाही, पण मरतही नाही. नुसती वाढत राहते आणि राक्षसी आकाराची होते. याआधी २०१८ मध्ये हॅलोबॅक्टेरियम नावाच्या दुसऱ्या मीठ-प्रिय जीवाचे विभाजन जिवंतपणी मोजले गेले. त्यात दिसले की वाढीचा हिशेब जिवाणूंसारखाच आहे, पण वाटणी काटेकोर नाही. कधी एका लेकीला थोडे जास्त, कधी दुसरीला.

आणखी एक नवल २०२५ चे. हॅलोफेरॅक्सच्या पेशी जेलीच्या गादीखाली दाबून ठेवल्या, तेव्हा त्यांनी विभागणे थांबवले. त्या मोठ्या होत गेल्या, डी.एन.ए.च्या प्रती वाढत गेल्या, आणि मग एकदम आतल्या आत अनेक भिंती पडून एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा पुंजका तयार झाला. झाडापानांच्या ऊतींची आठवण यावी असा! एकट्या राहणाऱ्या जीवांना कुटुंब करून राहताना पाहिले गेले, तेही केवळ दाब दिल्यामुळे. हे काम अमेरिकेतील अलेक्झांडर बिसन यांच्या प्रयोगशाळेतून ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. पेशी पाहण्यासाठी म्हणून वापरायची गादी, तीच इथे नवा शोध दाखवून गेली.

आता दुसरा पाहुणा. याचे पथ्य आणखी कडक आहे. नाव सल्फोलोबस. गरम पाण्याचे झरे तुम्ही पाहिले असतील. आपल्या पचमढीकडे अनहोनीचे कुंड आहे, ठाण्याकडे वज्रेश्वरी आहे. पण सल्फोलोबसला नुसते गरम पाणी पुरत नाही. त्याला ७५ अंशांच्या वर उष्णता हवी आणि सोबत लिंबाच्या रसाइतके आंबट, गंधकाचे पाणी हवे. अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी तो शोधला आणि १९७२ मध्ये त्याचे नामकरण झाले. याच्याकडे एफ.टी.एस.झेड. नाहीच! मग हा विभागतो कसा? २००८ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे उत्तर शोधले. सल्फोलोबसमध्ये वाटणीचे काम करणारी प्रथिने म्हणजे आपल्या ‘एस्कॉर्ट’ प्रथिनांचीच भावंडे होती. म्हणजे आपल्या शरीरात एका पेशीच्या दोन होताना शेवटचा काप देणारी कात्री उकळत्या, आंबट झऱ्यातल्या या जीवाकडेही आहे.

पण ही कात्री चालते कशी? ते पाहायचे तर ७५ अंशांवर जिवंत पेशी पाहायला हव्यात. नेहमीचा सूक्ष्मदर्शक इतक्या उष्णतेसाठी बनवलेला नसतो. थेंब भराभर सुकतो, वरच्या काचेवर वाफ धरते, पेशी प्रवाहात वाहून जाते, आणि ते हिरवे चमकणारे प्रथिनही एवढ्या उष्णतेत टिकत नाही. तेव्हा लंडनमध्ये बझ बॉम यांच्या गटाने पेशींसाठी एक तापती पेटीच तयार केली आणि चमकणाऱ्या प्रथिनाऐवजी उष्णतेत टिकणारी रंगद्रव्ये वापरली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यंत्राला त्यांनी ‘सल्फोस्कोप’ असे नाव दिले. मग सल्फोलोबस आपल्या घरच्या तापमानात एकाचा दोन होताना प्रत्यक्ष दिसला.

त्याच वर्षी या कामाचा दुसरा भाग आला. सल्फोलोबसमध्ये आधी एका प्रथिनाचे कडे तयार होते. त्या कड्यावर दुसऱ्या दोन प्रथिनांचे कडे बसते. पण आवळणे सुरू होत नाही. पहिले कडे जणू साच्यासारखे दुसऱ्याला धरून ठेवते. मग पेशीतली एक यंत्रणा, प्रोटिआसोम, जी नको असलेली प्रथिने मोडते, ती हे पहिले कडे झपाट्याने मोडून टाकते. साचा मोडला की दुसरे कडे मोकळे होते, आकसत जाते आणि पेशी दुभंगते. ओतकामात साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, हे इथल्या कारागिरांना सांगायला नको. निसर्गाने हीच युक्ती फार पूर्वीच वापरली आहे.

हे सिद्ध करायला त्यांनी काय वापरले असेल? बोर्टेझोमिब. श्रोत्यांपैकी काही डॉक्टर मंडळींनी नाव लगेच ओळखले असेल. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर २००३ पासून वापरात असलेले हे औषध प्रोटिआसोमला रोखते. तेच औषध दिले आणि सल्फोलोबसचे विभाजन कडे तयार होऊन जागीच थांबले. माणसाच्या कर्करोगावरचे औषध उकळत्या झऱ्यातल्या जीवालाही लागू पडले! इतके जुने आपले नाते आहे.

हे नाते किती जवळचे, याचा आणखी पुरावा २०१५ मध्ये मिळाला. आर्क्टिकजवळच्या समुद्रतळाच्या गाळातील डी.एन.ए. वाचताना असगार्ड नावाच्या आर्कियांचे घराणे सापडले. त्यांच्याकडे आपल्यासारख्या केंद्रकवाल्या जीवांची खास समजली जाणारी कितीतरी प्रथिने होती, एस्कॉर्टही त्यांत होतीच. पण जिवंत जीव हाती नव्हता. जपानी शास्त्रज्ञांनी समुद्राच्या अडीच हजार मीटर खोलीवरचा गाळ आणून तो वर्षानुवर्षे सांभाळला. एकाचे दोन व्हायला त्या जीवाला १४ ते २५ दिवस लागतात! लोणारचे जीव काही आठवड्यांत सरोवर रंगवतात आणि हे महाशय महिनाभरात एक-दोनदाच विभागतात. सुमारे १२ वर्षांच्या चिकाटीनंतर २०२० मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसला. पेशीला लांबच लांब फांद्या फुटलेल्या होत्या. असगार्डांच्या एखाद्या पूर्वजाने प्राणवायू वापरणारा जिवाणू आपल्यात सामावून घेतला आणि त्यातून पुढे वनस्पती, प्राणी, आपण सारे घडलो, असे बहुतेक शास्त्रज्ञांचे आज मत आहे.

आता कुणी विचारेल, ‘हे सगळे छान, पण याचा उपयोग काय?’ व्यापारी पेठेत हा प्रश्न यायलाच हवा. माझे उत्तर असे. कर्करोग म्हणजे थांबायचे विसरलेले विभाजन. एड्सचा विषाणूही आपल्या पेशीतून बाहेर पडताना शेवटचा काप देण्यासाठी आपल्याच एस्कॉर्ट प्रथिनांना कामाला लावतो, हे २००१ मध्ये उघड झाले. म्हणजे ही कात्री समजून घेणे ही चैन नाही. माणसाच्या पेशीत या कात्रीचे भाग पुष्कळ आणि गुंतागुंतीचे आहेत. सल्फोलोबसमध्ये ते मोजकेच आहेत. मोठे घड्याळ समजून घ्यायचे तर आधी कमी चाकांचे घड्याळ उघडून बघावे, तसेच हे. उद्या यातून अमुक औषध निघेलच, असे मी म्हणणार नाही. पण कात्रीची रचना ठाऊक नसेल तर ती थांबवायची कशी आणि चालवायची कशी, हे कोणालाच ठरवता येणार नाही.

या साऱ्या कथेतून मला एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. दिसण्यावरून नाते ठरवले तेव्हा आर्किया आपल्याला जिवाणू वाटले. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मिठात, त्यांच्या उष्णतेत, त्यांच्या गतीने त्यांना जगताना पाहिले, तेव्हा ते आपले आप्त निघाले. पाहणाऱ्याने पाहुण्याचे पथ्य पाळले, म्हणून हे दिसले.

म्हणून लोणारसारखी ठिकाणे जपायला हवीत. त्या सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. दर्जा मिळणे निराळे आणि पाणी सांभाळणे निराळे. तिथला खारेपणा हाच त्या जीवांचा प्राण आहे. त्यात सांडपाणी मिसळू दिले तर ज्यांची पुरती ओळखही झाली नाही अशा आप्तांना आपण घराबाहेर काढू.

आणि इथे बसलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना दोन शब्द. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे सगळे पाहून झाले, असे समजू नका. लोणारचे जीव कोण, हे ठाऊक झाले आहे. पण ते तिथल्या पाण्यात एकाचे दोन कसे होतात, हे पाहण्याचे काम एखाद्या हौशी हाताची वाट पाहत असेल. तो हात जबलपूरच्या एखाद्या शाळेतल्या मुलीचा का नसावा? लेव्हेनहूक कापड विकता विकता जे करू शकला, ते तुम्ही निश्चितच करू शकता.



गणपती बाप्पा मोरया!